घाणेरी तोडली, पुढे काय?

घाणेरी, म्हणजे टेकड्यांवर माजलेलं परदेशी काटेरी झुडूप, कोयत्याने मरत नाही. उलट पुढच्या पावसात ती जास्त दाट होऊन येते. पुण्याच्या टेकड्यांवर रविवारी सकाळी हौसेने साफसफाईला जमणाऱ्या मंडळींना हे सांगितलं की ती जरा हिरमुसतात, पण त्यात त्यांचा दोष नाही. झुडपाची घडणच तशी आहे.

घाणेरीचं (कुणी टणटणी म्हणतं) खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्या मातीलगतच्या भागात सुप्त कळ्या असतात. वरचा भाग छाटला की त्या जाग्या होतात आणि एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात. आग लावली तरी तेच. मग जेसीबीने मुळासकट उपटावी का? तसं केलं तर माती उलथीपालथी होते, आत पडून राहिलेल्या बियांना ऊन-ओल मिळते आणि मोकळ्या जागेत पुन्हा घाणेरीचीच रोपं उगवतात.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात यावर एक साधी पद्धत बसवली. जमिनीच्या किंचित खाली, फुटवे येणाऱ्या भागाच्याही खाली, सोटमूळ कापायचं. आजूबाजूची माती शक्यतो हलवायची नाही. निघालेलं झुडूप उलटं करून वाळू द्यायचं, कारण हिरवी फांदी ओल्या मातीला टेकून राहिली तर मुळं धरू शकते. टेकडीवर हे काम कुदळीने होतं. वेळ लागतो, हात सोलवटतात, आणि सकाळभरात साफ झालेला तुकडा फोटोत फारसा भव्य दिसत नाही.

खरी गंमत त्यानंतर आहे. घाणेरीची काळी-जांभळी फळं बुलबुल आणि साळुंक्या आवडीने खातात आणि बिया टाकतात त्या बसायच्या झाडाखाली. म्हणून कॉर्बेटच्या पद्धतीत अशा झाडांखालची कोवळी रोपं वेचून काढणं हाही कामाचा भाग आहे. दोन-तीन पावसाळे तरी हे करावं लागतं. शिवाय रिकामी झालेली जमीन भरावी लागते, नाहीतर ती दुसरं एखादं तण भरून टाकतं. पुण्याच्या टेकड्या मुळात गवत आणि खुरट्या झुडपांच्या. तिथे मारवेल, कुसळीसारखी गवतं येऊ द्यायची सोडून दाट झाडी लावण्याचा अट्टहास मला पटत नाही. हिरवळीच्या याच हौसेपायी गिरिपुष्पासारखं परदेशी झाड टेकड्यांवर लावलं गेलं आणि आता तेही पसरतंय.

कापण्याआधी ओळख पक्की हवी. घाणेरीची पानं समोरासमोर, खरखरीत, चुरडली की उग्र वास, खोड चौकोनी. हेकळही काटेरीच, पण त्याची पानं एकाआड एक येतात आणि तो इथलाच आहे, त्याला हात लावू नये. घाणेरीवर फुलपाखरं येतात, दाट जाळीत पक्षी घरटी करतात. त्यामुळे सगळा उतार एकदम बोडका न करता तुकड्या-तुकड्याने काम करावं, घरट्यांचा काळ टाळावा. आणि वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, हे वेगळं सांगायला नको.

गाजर गवताचं गणित वेगळं. 1950च्या दशकात पुण्यातच लक्षात आलेलं हे तण बियांवर जगतं. एक मोठं रोप हजारो बिया टाकतं. त्यामुळे ते फुलण्याआधी, माती ओली असताना उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, कारण त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येतं. पावसाळ्यात याच्या पानांवर पांढुरक्या पाठीवर गडद रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. गाजर गवत फस्त करण्यासाठीच ते मेक्सिकोतून आणले गेले आणि 1980च्या दशकात बंगळुरूजवळ सोडले गेले. आता ते आपल्याकडेही पोचलेत.