स्थलांतर आणि मजुरी (सातारा–सांगली)

बाहेरून मजूर आले की स्थानिकांची मजुरी पडते का, आणि ते आले नाहीत तर कामे कोण करणार, हे अर्थशास्त्रातले जुने वादाचे प्रश्न आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ते दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतात. कृष्णाकाठचा ऊस, तासगावकडच्या द्राक्षबागा आणि कुपवाड-मिरजेचे कारखाने यांत बाहेरची माणसे राबतात. माण, खटाव, पाटण, जावळी, आटपाडी, जत या तालुक्यांतली माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर जात आली. वाळव्याच्या फडात जतची टोळी ‘बाहेरची’ असते आणि मुंबईच्या गोदीत पाटणचा गडी ‘घाटी’ असतो.

नेहमीचा हिशेब असा मांडतात : कामे तेवढीच राहिली आणि हात वाढले, तर मजुरीचा दर उतरणार. यातली ‘कामे तेवढीच’ ही अट फारशी टिकत नाही. आलेला मजूर किराणा घेतो, भाडे भरतो, आणि त्याच्या कामावर दुसऱ्यांची कामे उभी असतात. ऊस तुटला तरच ट्रॅक्टर चालतो, आणि ट्रॅक्टर पोचला तरच कारखान्यातली पाळी चालते. या वादातले गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत फ्लोरिडात उतरली आणि मायामी शहरातले कामगार सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले, की तिथल्या कमी पगाराच्या कामगारांच्या मजुरीवर त्याचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी बरीच घसरल्याचा निष्कर्ष काढला. कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे, यावरून हा वाद अजून चालू आहे. २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल कार्ड यांना विभागून मिळाले, तरी तो मिटलेला नाही. सातारा-सांगलीपुरते बोलायचे, तर येणाऱ्यांच्या संख्येइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व ते कोणत्या अटींवर कामाला लागतात याला आहे. ऊसतोड आणि माथाडी (डोक्या-पाठीवर ओझी वाहण्याची हमाली) या दोन कामांत हे सर्वांत स्वच्छ दिसते.

ऊसतोड

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून आणि जत, विजयपूर या बाजूंनी टोळ्या निघतात. साखराळेचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, रेठऱ्याचा कृष्णा, कराडचा सह्याद्री, शेंद्रेचा अजिंक्यतारा अशा कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या पालांच्या वस्त्या पडतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि हिशेब कोयत्यावरच होतो. बाईच्या नावावर वेगळा पैसा येत नाही. दोघांनी मिळून ऊस तोडायचा, वाडे (उसाचे हिरवे शेंडे) छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून फळीवर चढत ट्रॉलीत भरायची. वाडे वैरणीला विकून जे चार पैसे येतात, ते वरखर्चाला.

पावसाळ्यातच, हंगामाआधी, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, ‘उचल’ (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. उचलीचा पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मग कोयत्याकडे असा येतो. कामाच्या दिवशी मजुरी हातात पडत नाही, ती उचलीतून वळती होते. दिवस बुडाला तर खाडा धरतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या साली.

मजुरीच्या दृष्टीने कळीची गोष्ट इथेच आहे. शेजारच्या कारखान्याला मजुरांची टंचाई असली तरी उचल घेतलेला कोयता डिसेंबरात तिकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे टंचाईच्या साली टनाचा दर जागचा हलत नाही. वाढते ती उचल. आणि शेतकऱ्याच्या बांधावर एक वेगळाच दर उघडतो, त्याला ‘खुशाली’ म्हणतात. ऊस वाळत चालला आहे, तोडणीचा नंबर पुढे सरकत नाही, आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला तुरे आलेत, अशा वेळी शेतकरी टोळीला वरचे पैसे देतो. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ‘एंट्री’ म्हणून पैसे मागतो ते निराळे. खुशालीवर शेतकरी संघटना दरसाल तक्रार करतात आणि ती खरीही आहे. पण अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर ठरलेल्या दराला जी वाढ मिळायला हवी होती, ती मागच्या दाराने आलेली आहे.

टनाचा दर साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांचा संघ) आणि मजूर संघटना यांच्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरले तर ७३२ रुपये होतात, म्हणजे माणशी ३६६, आणि दीड टन धरला तर माणशी पावणेतीनशेच्या आसपास. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. पहाटे चारला थंडीत फडात उतरणाऱ्या आणि रात्री गाडी भरून पालावर परतणाऱ्या माणसाचा रोज हमीच्या रोजाच्या थोडा वर किंवा थोडा खाली असतो. तरीही तो येतो, कारण रोजगार हमी उचल देत नाही. मुलीचे लग्न, विहिरीचे काम, दवाखान्याचे बिल यांना एकरकमी पैसा लागतो आणि तो देणारा मुकादमच असतो.

वाढीव दराचा बोजा कोणावर, हाही प्रश्न आहे. एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) हा कारखान्याच्या दारातला भाव असल्यामुळे तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. कोयत्याला टनामागे शंभर रुपये वाढले की ते बऱ्याच अंशी ऊस घालणाऱ्याच्या खिशातून जातात. एकरभर ऊस असलेला सभासद आणि तोड मजूर हे दोघेही बेताचेच, आणि दरवाढीचे भांडण त्यांच्यातच लागते.

‘बाहेरच्यांनी तोडीचे काम खाल्ले’ असे वाळवा-कराडकडे क्वचितच ऐकू येते. गावच्या टोळ्या आहेत, पण पुऱ्या पडत नाहीत. पाणी आले, दुधाचा धंदा वाढला, पोरे एमआयडीसीत किंवा पुण्याला गेली आणि डोक्यावर मोळी घेणे मागे पडले. रिकामी झालेली जागा बाहेरच्यांनी भरली, हा क्रम उलटा वाचू नये. आता पुरवठ्याकडेही बदल होतो आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी दुष्काळी पट्ट्यात जसे पोचले, तसा तिथेच ऊस उभा राहिला. ज्या शिवारातून कोयते निघायचे, तिथेच काही ठिकाणी बाहेरच्या टोळ्या येऊ लागल्या.

टंचाईची झळ सर्वांत जास्त वाहतूकदाराला बसते. कर्ज काढून लाखोंची उचल वाटायची आणि टोळी आलीच नाही, किंवा महिनाभर काम करून रात्रीत निघून गेली, की ट्रॅक्टर दारात आणि हप्ता डोक्यावर. फसवणुकीचे असे गुन्हे सांगली-कोल्हापूर भागात हंगामागणिक नोंदले जातात. उलट बाजूला उचल फिटेपर्यंत मजुराला अडकवून ठेवण्याचे प्रकारही आहेत, आणि १९७६ चा वेठबिगारविरोधी कायदा खरे तर अशाच व्यवहारासाठी आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण त्याच्या नावातच मर्यादा होती. बीडहून वाळव्याला येणारा माणूस राज्याची हद्द ओलांडत नाही.

माथाडी

आता हेच जिल्हे मजूर पाठवणारे म्हणून पाहू. पाटण, जावळी, कराडच्या डोंगरी भागातली माणसे मुंबईत गिरण्यांत, गोदीत आणि मशीद बंदरच्या गोदामांत गेली. हमालीत टोळीवाल्याचे, म्हणजे हमाल पुरवणाऱ्या मध्यस्थाचे, राज्य होते. काम असेल तर मजुरी, पाठ मोडली तर गाव. मागून येणारे गडी न संपणारे होते, आणि नेहमीच्या हिशेबाने त्यांची मजुरी कधी वर यायलाच नको होती. पण पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार यांची सोय करायची. मधला टोळीवाला त्यामुळे कायद्यानेच बाजूला झाला.

माल डोक्यावर वाहणे दोन्हीकडे सारखेच, आणि दोघेही दुष्काळाने किंवा डोंगराने बाहेर काढलेले. पण माथाड्याला नोंदणीपुस्तक आहे आणि कोयत्याला उचलीची वही. गेल्या काही वर्षांत गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले, पण मजुरी अजून मुकादमाच्याच हातून जाते. माथाडी व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. नोंदणी झालेल्याला संरक्षण मिळते आणि दाराबाहेरच्याला कामच मिळत नाही. नोंदीची जागा घरातल्या घरात राहावी अशी धडपड असते, आणि बनावट माथाडींची खंडणी हा उद्योजकांच्या तक्रारीचा कायमचा विषय आहे.

खानापूर, आटपाडी, माण, खटावचे गलाई व्यावसायिक हे स्थलांतराचे तिसरे रूप. सोने-चांदी गाळण्याची यांची दुकाने देशभरच्या सराफ बाजारांत आहेत. गावाकडचा पोरगा आधी नातलगाच्या दुकानात भट्टीवर बसतो आणि पुढे स्वतःचे दुकान टाकतो, त्यामुळे हे मजुरीपेक्षा उमेदवारीच्या जवळचे. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या शेतीला मात्र त्यातून गडी मिळत नाही.

द्राक्षबागा, बेदाणा, कारखाने

तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्ट लावणे (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणे), फुटी काढणे, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी ही कामे मोजक्या दिवसांत उरकावी लागतात, आणि सगळ्यांच्या बागा एकदमच त्या टप्प्याला येतात. भांगलणीला दोन दिवस उशीर चालतो, डिपिंगला चालत नाही. म्हणून इथे काम एकरावर उक्ते देतात. कुशल टोळ्या लांबून येतात आणि अलीकडे त्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे मजूरही असतात. शेजारच्या गावांतल्या बायकांचे गट टेम्पोतून येतात ते रोजावर. उक्त्याच्या कामाचा दर आणि बाईचा रोज हे दोन वेगळे बाजार आहेत. लांबच्या टोळीमुळे बाईचा रोज थेट पडतो असे दिसत नाही, पण जास्त पैशाचे काम तिच्या वाट्याला येत नाही, हे दिसते. बेदाण्याच्या शेडवरही तसेच : निवडाई बायकांकडे, जाळ्यांवर माल टाकण्या-उतरवण्याचे काम पुरुषांच्या टोळीकडे.

कुपवाड, मिरज आणि सातारा एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यांत) भट्टी आणि फेटलिंगची (ओतलेल्या नगांवरचा जादा धातू घासून काढण्याची) कामे परप्रांतीयांकडे गेली आहेत. ती ठेकेदारामार्फत होतात, आणि स्थानिक पोरांची तक्रार ‘ते कमी पैशात करतात’ ही असते. ती पूर्ण खोटी नाही. कंपनीच्या आवारात राहणारा, बारा तासांची पाळी मान्य करणारा आणि सणाला सुट्टी न मागणारा कामगार ठेकेदाराला परवडतो. किमान वेतन कायदा १९४८ चा होता आणि तो दोघांनाही सारखाच लागू होता. तपासणी झाली नाही की फरक पडतो, आणि त्याचे खापर परप्रांतीयावर फुटते. २०२० च्या टाळेबंदीत श्रमिक गाड्यांनी हे लोक गावी गेले, तेव्हा कारखानदारांनी स्थानिकांना हाका मारल्या. काही जण आले, पण भट्टीवर थोडेच टिकले. त्याच वसंतात लाखाहून जास्त ऊसतोड मजूर राज्यभरच्या कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते.

तळाचा दर आणि यंत्र

मजुरीला खालून टेकू देणारी कल्पना याच भागातून आली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये त्या तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावात हमीचे काम मिळत असेल तर त्याहून कमी रोजावर कोणी घर सोडत नाही, असे तिचे गणित. हे गणित काम मागितल्यावर मिळते तिथेच चालते. हंगामात कोयते निघालेच, तर गावात हमीच्या कामाचे मस्टर (हजेरीपत्रक) निघालेले नाही किंवा उचलीची गरज मोठी आहे असे खुशाल समजावे.

मजूर येणेच थांबले, तर स्थानिकांची मजुरी वाढेल का? अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी परवाने देणारी ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस बंद केली, त्याचा अभ्यास क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी केला. अमेरिकी शेतमजुरांची मजुरी वाढली नाही. टोमॅटोसारख्या पिकांत मालकांनी यंत्रे आणली आणि जिथे यंत्र नव्हते तिथले पीक घटवले. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या कामाला २०२२ मध्ये परदेशी कामगारांसाठी दार उघडले आणि २०२५ मध्ये ते बंद झाले. तिथे खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून येत असल्याने पगार मनाजोगे वाढत नाहीत, जागा रिकाम्या राहतात.

कृष्णाकाठी यंत्राचीच वाट धरली जाते आहे. ऊसतोडणी यंत्राला ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी योजना आली आणि हार्वेस्टर वाढू लागले. पण यंत्राला रुंद सरी लागते, वळायला जागा लागते, आणि दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत ते परवडत नाही. पाचटापोटी वजनात घट धरतात, त्यावर शेतकरी कुरकुरतात. लांबसडक फड यंत्राकडे आणि बांधाबांधांचे, लोळलेल्या उसाचे, ओल्या रानातले तुकडे कोयत्याकडे, अशी वाटणी सध्या होते आहे. टनावर मजुरी घेणाऱ्या जोडीच्या वाट्याला त्यामुळे तोडायला अवघड ऊस उरतो. करारातला दर मात्र उभ्या आणि लोळलेल्या उसाला एकच आहे.