मराठी खोली बंद पडली त्याआधी

आमच्या आर्वी तालुक्यातल्या पोरांनी चॅटिंग पाहिलं ते सायबर कॅफेत. पण अनोळखी माणसांनी इंटरनेटवरच्या एका खोलीत, म्हणजे चॅटरूममध्ये, जमून टाइप करत बोलायची रीत त्याहून बरीच जुनी. १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, तयार केलं आणि ही रीत जगभर पसरली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. १९९८ मध्ये याहूचा पेजर हा गप्पांचा प्रोग्राम आला, तोच पुढे याहू मेसेंजर झाला.

आमचा कॅफे आधी एसटीडी-पीसीओ होता. २००३ च्या सुमारास तिथे तीन कॉम्प्युटर होते, मधे प्लायवूडचे आडोसे, आणि माझ्या नेहमीच्या की-बोर्डवरचा 'ए' पार घासून गेलेला. याहूवरच्या मराठी खोलीत शिरलं की पहिला प्रश्न एएसएल, म्हणजे वय, लिंग, ठिकाण. आर्वी कोणाला ठाऊक असणार म्हणून मी नागपूर लिहायचो. एकदा खरं लिहिलं, तर दुबईतून उत्तर आलं : 'अबे, मी मोर्शीचा! काय करून रायला?' अक्षरं इंग्रजी, बोली आपली. घरात बोलतो ती वऱ्हाडी लिहिलेली मी तोवर कुठेच पाहिली नव्हती. शाळेत तर ती बोललं तरी टोकायचे.

दुपारी लाईन जायची. यूपीएस वाजायला लागला की घाईघाईत 'लाईन चालली' एवढंच लिहायचं. मोर्शीकराला त्यापुढे काही सांगावं लागत नसे.

ती मराठी खोली कुणीतरी स्वतःच उघडलेली होती. काही खोल्यांत प्रौढ लोक अल्पवयीन मुलांना गाठत असल्याचं अमेरिकेत उघड झालं, जाहिरातदारांनी हात काढून घेतले आणि जून २००५ मध्ये याहूने लोकांनी उघडलेल्या सगळ्याच खोल्या बंद केल्या. कारण रास्त होतं, पण आमची साधी खोलीही त्यात गेली. उरलेल्या खोल्या जाहिराती फेकणाऱ्या बॉट्सनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामनी, भरल्या. पोरं ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटकडे वळली. डिसेंबर २०१२ मध्ये याहूने त्या खोल्याही बंद केल्या, आणि जुलै २०१८ मध्ये मेसेंजर.

२०१६ ला जिओ आलं तसं नेट शेतातल्या धुऱ्यावर पोचलं. आता गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात वऱ्हाडी रोज लिहिली जाते, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त त्यात सगळी ओळखीचीच माणसं आहेत. मोर्शीकराचा नंबर मी कधी मागितलाच नव्हता.