राजहंस पांढरा कधी झाला?

मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन वढवाण्याला गेलो होतो. डभोईजवळचं हे तळं बडोदे संस्थानानं शेतीच्या पाण्यासाठी बांधलं. २०२१ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. काठच्या ओल्या गवतात राखाडी पक्ष्यांचा थवा चरत होता. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. "हा बघ राजहंस," मी म्हटलं. ती म्हणाली, "आजोबा, हे तर बदक आहे!"

तिची तरी काय चूक? आपल्या डोळ्यांपुढचा बाकदार मानेचा, दुधासारखा शुभ्र राजहंस हा मुळात युरोपातला 'स्वॉन'. आपल्याकडे तो क्वचित, वाट चुकल्यासारखा येतो. संस्कृत साहित्यातला हंस म्हणजे बहुतांशी हा पट्टेवाला किंवा त्याचा भाऊबंद, असं डच संशोधक फोगेल यांनी १९६२ च्या पुस्तकात सविस्तर मांडलं. हा पक्षी तिबेट-मंगोलियात अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून हिवाळ्याला खाली उतरतो. मेघदूतातले हंस कमळाचे कोंब शिदोरीला घेऊन मानसरोवराकडे निघतात, त्यात कविकल्पना कमी आणि निरीक्षण जास्त आहे. फक्त कालिदासानं त्यांना पावसाळ्यापर्यंत थांबवून धरलंय. खरे हंस उन्हाळा लागता लागताच निघून जातात.

हंस पाण्यातून दूध वेगळं करतो म्हणतात, त्या नीरक्षीरविवेकाचंही तसंच. कमळाच्या देठातून दुधासारखा चीक निघतो आणि हंस पाण्यातले देठ खातात. 'क्षीर' म्हणजे हा चीक, असा एक अर्थ लावला जातो. मला तो पटतो.

आता रंगाकडे येऊ. महाभारतात नळाला वनात दिसलेले हंस सोन्यानं मढलेले आहेत. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या नैषधीयचरितातला हंसही सोनेरी. नळानं धरल्यावर तो रडतो, म्हातारी आई आणि नुकतीच बाळंत झालेली बायको घरी आहे म्हणतो. हाच विलाप रघुनाथपंडितांनी मराठीत आणला. आमच्या पिढीला शाळेत तो पाठ होता. इथे बडोद्यात सतराव्या शतकात कवी प्रेमानंद तांब्याच्या माणावर, म्हणजे घड्यावर, बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून गुजरातीत नळाख्यान गात असे. म्हणजे नळाचा हंस आमच्या गावाला दोन भाषांतून भेटला.

जातकातला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतला सुवर्णहंसही सोन्याचाच. मागल्या जन्मीच्या बायकोला तो एकेक पीस देतो. तिला हाव सुटते, ती सगळी पिसं उपटते आणि ती बगळ्यासारखी पांढरी होतात. इथे पांढरं होणं ही अधोगती आहे! इसापकडच्या सोन्याच्या अंड्याची गोष्ट इंग्रजीत हंसाच्या जातीच्या पक्ष्याची, मराठीत मात्र कोंबडीची. आपल्या परसात तीच होती ना.

शुभ्र हंस घराघरांत पोचवण्यात चित्रांचा वाटा मोठा. राजा रविवर्म्यानं १८९९ मध्ये हंसाशी बोलणारी दमयंती रंगवली, तो हंस पांढराशुभ्र. सयाजीरावांनी त्याच्याकडून बरीच पौराणिक चित्रं करून घेतली होती. त्याच्या गाजलेल्या सरस्वतीजवळ मात्र हंस नव्हे, मोर आहे.

हे सगळं नातीला परतीच्या वाटेवर, डभोईला चहा घेताना सांगितलं. तिनं मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. "सोन्याचा म्हणजे पाय का?" तिनं विचारलं.