भावपत्रकाच्या मेलवर यंत्राची क्लिक

जळगावची एखादी डाळमिल मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या खरेदी विभागांना तूरडाळीचं भावपत्रक मेलने पाठवते. दोन मिनिटांत अहवाल सांगतो, निम्म्याहून जास्त जणांनी लिंक उघडली. रावेरच्या केळी निर्यातदारालाही असाच आकडा दिसू शकतो. पहिला फोन कोणाला करायचा हे त्याच आकड्यावरून ठरतं, म्हणून तो तयार कसा होतो ते कळायलाच हवं.

क्लिक मोजणारी सेवा मूळ लिंक काढून तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घालते. त्यात प्रत्येक ग्राहकाचा वेगळा सांकेतिक क्रमांक असतो. तो पत्ता कोणी मागितला की सर्व्हर वेळ, आयपी पत्ता (मागणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि ब्राउझरचं नाव टिपून घेतो आणि मागणाऱ्याला मूळ पानाकडे पाठवतो. मागणारा माणूस होता की प्रोग्रॅम, हे मात्र तो टिपू शकत नाही.

मोठ्या कार्यालयांत मेल आधी सुरक्षा यंत्रणेतून जातो: मायक्रोसॉफ्टचं सेफ लिंक्स, प्रूफपॉइंट, माइमकास्ट, बॅराकुडा वगैरे. कंपनीने तशी सोय चालू ठेवली असेल तर यंत्रणा मेलमधल्या लिंक स्वतः उघडून पाहते. शेवटी कोणतं पान येतं हे तपासायचं, तर मधला मोजणीचा पत्ता ओलांडावाच लागतो, आणि तिथे क्लिक पडतं. त्यात ठग लोक असा लिंक तपासणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्कॅनर, ओळखला की त्याला निर्दोष पान दाखवतात. त्यामुळे बरेच स्कॅनर आपलं नाव साधं क्रोम असं सांगतात. नुसत्या ब्राउझरच्या नावावर चाळणी लावून भागत नाही ते यामुळेच.

मोजणीच्या सर्व्हरची नोंदवही उघडली की खूण सापडते. समजा, मेल ११:०४:१० ला पोहोचला. ११:०४:१३ ला भावपत्रक, त्याच सेकंदाला गोदामाचा नकाशा, ११:०४:१४ ला 'यादीतून नाव काढा', तिन्ही एकाच आयपीवरून, आणि तो आयपी एखाद्या डेटा सेंटरचा, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या जागेचा. खरेदी अधिकारी असं वाचत नाही. कधी क्लिकची वेळ मेल पोहोचण्याच्या वेळेच्याही आधीची असते, कारण मेल दारातच थांबवून तपासलेला असतो.

पण 'पहिल्या मिनिटातली सगळी क्लिक वगळा' हा नियमही धोक्याचा आहे. फोन हातात असलेला माणूस वीस सेकंदांतही लिंक दाबतो आणि काही यंत्रणा लिंक तासाभराने पुन्हा तपासतात. म्हणून खुणा एकत्र धराव्यात: एकाच क्षणी सगळ्या लिंक, डेटा सेंटरचा आयपी, पान न मागता फक्त त्याची तांत्रिक माहिती मागणारी 'हेड' विनंती, पान उघडल्यावर पुढे काहीच हालचाल नाही. ग्राहकाच्या डोमेनची (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) एमएक्स नोंद, म्हणजे त्याचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जातो ती नोंद, पाहिली तर दाराशी कोणाची यंत्रणा बसली आहे तेही बहुधा कळतं. तशा डोमेनचा अहवाल वेगळा काढावा. खासगी जीमेलवाल्या दुकानदारांच्या शेजारी कंपन्यांची यादी ठेवून तुलना केली, तर कंपन्या फुकट उत्साही दिसतात.

स्कॅनरला अडवू मात्र नये. पान बंद मिळालं तर यंत्रणेचा संशय वाढतो आणि मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. त्याला येऊ द्यावं, फक्त मोजू नये.

मेल किती जणांनी उघडला हा आकडा तर आणखी कच्चा. २०२१ च्या सप्टेंबरपासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असली, की चित्रं आपोआप आधीच उतरवली जातात आणि मेल न वाचताही उघडल्याची नोंद होते. डाळमिलने मोजावं ते पानावरचं 'नमुना मागवा' हे बटण, त्यात भरलेला फोन नंबर आणि मेलला आलेली उत्तरं.

खरं नुकसान होतं ते लिंक उघडताच काम उरकणाऱ्या पानांवर. स्कॅनर ग्राहकाचं नाव यादीतून काढून टाकतो, किंवा एकदाच चालणारी पासवर्डची लिंक माणसाच्या आधी वापरून मोकळा होतो. त्यामुळे नुसतं पान मागणाऱ्या 'गेट' विनंतीवर फक्त पान दाखवावं आणि काम बटण दाबल्यावर, माहिती पाठवणाऱ्या 'पोस्ट' विनंतीने करावं. २०१७ चं आरएफसी ८०५८ हे इंटरनेटचं मानक याच अडचणीतून आलं. त्यात नाव काढण्याचा पत्ता मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या तांत्रिक भागात असतो आणि मेल ॲप तिथे 'पोस्ट' विनंती पाठवतं. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून प्रचाराच्या मेलसाठी ही सोय सक्तीची केली. छोट्या यादीलाही ती लावून घ्यावी, बहुतेक मेल सेवांमध्ये ती तयारच मिळते.