पाणथळीच्या पोटातली आग

पाणथळीला आग लागली असं कुणी सांगितलं तर आपण हसू. पण 2009 मध्ये स्पेनच्या तब्लास दे दाइमिएल राष्ट्रीय उद्यानात नेमकं हेच झालं, तेही जमिनीखाली. ज्वाळा नव्हत्या, भेगांमधून नुसता धूर येत होता.

पाणथळीच्या तळाशी वनस्पतींचे अवशेष शतकानुशतकं साचून ‘पीट’चा काळा थर तयार होतो. पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तो पुरता कुजत नाही. पाणी आटलं की थर तडकतो, भेगांतून हवा शिरते, आणि तो आतल्या आत तापून निखाऱ्यासारखा धुमसत राहतो.

दाइमिएलचं पाणी गेलं कुठे? उद्यानाबाहेरच्या विहिरींत. इथे भूजल झऱ्यांवाटे वर येऊन पाणथळ भरायची. 1970 च्या दशकापासून आसपासच्या शेतीसाठी उपसा वाढत गेला, पातळी खोल उतरली आणि पुढच्या दशकात ग्वादियाना नदीचे झरे बंद पडले. मग सगळंच उलटं झालं. जे भूजल पाणथळीला पाणी पुरवत होतं, त्याच्याच पोटात आता पाणथळीचं पाणी मुरू लागलं. नकाशावरची उद्यानाची हद्द मात्र जागच्या जागी!

पाणी आटलं तर निदान डोळ्यांना दिसतं. अमेरिकेतल्या एव्हरग्लेड्स या पाणथळीचं दुखणं जास्त फसवं आहे. तिथलं पाणी मुळात ‘उपाशी’, त्यात फॉस्फरस जवळपास नाहीच. त्या उपासमारीवरच शेवाळ आणि जिवाणूंची स्पंजासारखी साय तिथे वाढते. उत्तरेच्या उसाच्या शेतांतून खत वाहत आलं की ही साय विस्कटते आणि पाणकणीस माजतं, इतकं दाट की पाणपक्ष्यांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. म्हणूनच तिथे फॉस्फरसची मर्यादा अब्ज भागांत 10 भाग इतकी कडक ठेवली आहे. शेतकऱ्याच्या लेखी हे खत म्हणजे काहीच नाही.

हवेतूनही संकट येतं. धुराड्यांतले सल्फर आणि नायट्रोजनचे वायू पावसाबरोबर उतरून डोंगरातले ओढे आम्लधर्मी करतात. त्यांना उद्यानाचं कुठलं फाटक अडवणार?

आणि कधीकधी साधा रस्ताही पुरतो. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान झालं 1947 मध्ये, पण त्याच्या उत्तरेचा टामियामी रस्ता 1928 चा. दक्षिणेकडे संथ सरकणाऱ्या पाण्याला त्याचा भराव बांधासारखा आडवा आला. 2013 मध्ये या रस्त्याचा सुमारे 1.6 किलोमीटरचा तुकडा पुलावर उचलला आणि खालचा भराव काढून पाण्याला वाट करून दिली.