पदक नेमकं कोणाला? स्लिपर ऑर्किडच्या संकरांची पार्श्वभूमी

पॅफिओपेडिलम म्हणजे सपातेसारखी झोळी असलेलं स्लिपर ऑर्किड, थोडक्यात ‘पॅफ’. त्याचा संकर ऑर्किडांच्या परीक्षणाला आला की नजर आधी वरच्या उभ्या दलावर जाते. ते रुंद आणि सपाट हवं, मागे वळलेलं नको. पाकळ्या पसरट हव्यात आणि फूल समोरून जितकं गोल दिसेल तितकं चांगलं. रानातली एकही जात इतकी गोल नाही. हा आग्रह इंग्लंडच्या काचघरांत तयार झाला, आणि त्यासाठी लागलेला बराचसा माल आपल्या ईशान्येतून गेला.

खासी टेकड्यांतल्या इन्सिग्ने या जातीने ठिपके आणि काटकपणा दिला. आसामच्या स्पायसेरियानमने पांढरं दल आणि त्यावरची मधली जांभळी रेघ दिली, तर विलोसमने रोगण फासल्यासारखी चकाकी. (सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागात स्लिपर ऑर्किड नाहीच. दक्षिणेत एकटं द्रुरी, तेही अगस्त्यमलाईच्या डोंगरात.) पहिला संकर, विलोसम आणि बार्बेटम यांचा हॅरिसियानम, १८६९ मध्ये फुलला. इन्सिग्ने आणि स्पायसेरियानमचा लीअॅनम १८८४ चा. १९२२ मध्ये बुरशीच्या मदतीविना, साखर घातलेल्या अगरवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) ऑर्किडचं बी रुजवता आलं आणि पिढ्यांवर पिढ्या काढणं सोपं झालं. त्यातून आलेल्या जाड, तुकतुकीत, वाटोळ्या फुलांना बागायतदार ‘बुलडॉग’ म्हणतात. काहींना ती फारच आवडतात. मला त्यांच्यात मूळ जातींचा डौल हरवलेला दिसतो, पण बक्षिसं अनेक दशकं त्यांनाच मिळत आली.

खरी गुंतागुंत आहे नावाची. संकरांची नोंद १९०६ पासून छापील यादीत होत आली, आणि १९६१ पासून ती जबाबदारी लंडनच्या एका बागकाम संस्थेकडे आहे. नियम साधा वाटतो: त्याच दोन पालकांची सगळी संतती एकाच नावाची, म्हणजे एकच ‘ग्रेक्स’. आई कोणती, बाप कोणता, संकर कधी केला, याने फरक पडत नाही. आज कोणी निवडक, भल्यामोठ्या फुलांचं इन्सिग्ने आणि तितकंच निवडक स्पायसेरियानम घेऊन संकर केला, तरी तो लीअॅनमच. कॅलोसम आणि लॉरेन्सियानमचा मॉडिई १९०० मधला. तो ओळखला जातो हिरव्या-पांढऱ्या, लाल रंगाचा लवलेश नसलेल्या फुलांसाठी. पण त्याच दोन जातींच्या गडद रंगाच्या झाडांपासून आलेलं, जवळजवळ काळं भासणारं वाइनच्या रंगाचं फूलही मॉडिईच.

पदक मात्र ग्रेक्सला मिळत नाही, एका झाडाला मिळतं. अमेरिकी पद्धतीत १०० पैकी ७५, ८० आणि ९० गुण या तीन पायऱ्या आहेत, आणि पायरी गाठलेल्या झाडाला एकेरी अवतरणात स्वतंत्र नाव मिळतं. ते नाव त्याच्या फुटव्यांपुरतं. त्याच शेंगेतून आलेल्या भावंडांचा त्याच्यावर काही हक्क नाही. इतर ऑर्किडांत टिश्यू कल्चरने विजेत्याच्या हजारो प्रती निघतात, पॅफ मात्र त्याला सहसा दाद देत नाही. म्हणून विजेता वर्षानुवर्षं फुटवे तोडूनच वाढवावा लागतो आणि महाग राहतो. विक्रेते मग रोपाच्या पाटीवर पालकांची पदकं ठळक लिहितात. घेणाऱ्याला वाटतं, बक्षीसवालं झाड मिळालं.

वाद पेटतो तो परीक्षणाच्या वेळी. परीक्षकाने समोरचं फूल त्याच ग्रेक्सच्या आधीच्या विजेत्यांशी ताडून पाहायचं असतं. पण जुन्या विजेत्याचे पालक रानातून आलेले आणि नव्याचे चार पिढ्या निवडून काढलेले असले, तर ही तुलना कसली? एक बाजू म्हणते, सुधारणा मोजायची तर हेच हवं. दुसरी म्हणते, यात श्रेय तोच संकर नव्याने करणाऱ्याला जातं आणि जुनं, नाजूक रूप कायमचं मागे पडतं. मला दुसरी बाजू पटते. तरी नाव पालकांवरूनच ठरावं याला पर्याय दिसत नाही, नाहीतर वंशावळच हातची जाईल.

१९८० च्या दशकात चीनमधून पिवळं आर्मेनियाकम आणि गुलाबी झोळीचं मायक्रॅन्थम आलं आणि बुलडॉगची मक्तेदारी ढिली झाली. पाठोपाठ १९८९ मध्ये पॅफिओपेडिलम आणि त्याचं अमेरिका खंडातलं भावंड फ्रॅग्मिपेडियम या दोन्ही प्रजाती साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात टाकायचं ठरलं. रानातल्या झाडांचा व्यापार त्यामुळे बंद झाला. रोपवाटिकेत निर्जंतुक बाटलीत वाढवलेल्या रोपांना सूट आहे, पण पालकझाड कायदेशीर मार्गाने आलेलं असेल तरच. भारताच्या वन्यजीव कायद्यातही पॅफिओपेडिलम संरक्षित वनस्पतींत आहे.

या अटीची कसोटी २००२ मध्ये लागली. पेरूमधून जांभळट-गुलाबी रंगाचं, वीतभर रुंद फुलाचं एक फ्रॅग्मिपेडियम परवान्याविना अमेरिकेत पोहोचलं आणि तिथल्या एका वनस्पती बागेने ते घाईघाईने कोवाची या नावाने प्रसिद्ध केलं. प्रतिस्पर्ध्यांचं पेरुव्हियानम हे नाव थोड्याच दिवसांनी छापलं गेलं, म्हणून मागे पडलं. खटला झाला, नाव देणाऱ्या बागेला दंड झाला, नाव मात्र टिकलं, कारण वनस्पतिशास्त्रात नियमांनुसार आधी छापलेलं नाव मान्य होतं. मग पेरूने परवाना देऊन मोजकी झाडं गोळा करू दिली आणि संकरांसाठी कायदेशीर रोपं मिळू लागली. त्यातला कोवाची आणि लाल बेसिई यांचा संकर आता परीक्षणाला येतो. तिथेही पहिल्यांदा पाहतात ते फूल किती भरगच्च आणि किती गोल आहे.