रविशंकरांच्या दोन लेकी: नोरा जोन्स आणि अनुष्का शंकर

‘पंडित रविशंकरांची मुलगी’ एवढंच म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात कोण येईल याचा नेम नाही. मुंबईत मैफलींना नियमाने जाणारी माणसंही इथे गल्लत करतात. कुणी गायिका नोराचे पुरस्कार सतारवादक अनुष्काच्या नावावर टाकतं, तर कुणाला वाटतं की नोरा जोन्स घरी सतार वाजवत असणार. दोघींचे फोटो शेजारी ठेवले की ही गल्लत पटकन सुटते. पण तिच्या मुळाशी असलेली समजूत तेवढ्याने जात नाही. सत्काराच्या भाषणांत आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, ‘गाणं यांच्या रक्तातच आहे.’ रक्ताचं नातं आणि तालीम या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. या दोन बहिणींकडे बघितलं की त्या किती वेगळ्या आहेत ते लख्ख दिसतं.

नोरा थोरली. जन्म 30 मार्च 1979, न्यूयॉर्क. आई स्यू जोन्स, मैफलींचं आयोजन करणारी. आईवडील वेगळे झाले आणि नोरा आईबरोबर टेक्सासमध्ये वाढली. अनुष्काचा जन्म 9 जून 1981चा, लंडनमधला, आई सुकन्या. वडील एक, आया दोन, घरं दोन.

अनुष्काच्या वाट्याला आली ती सरळ गुरु-शिष्य तालीम. तिच्यासाठी लहान मापाची सतार करून घेतली होती. शिकवायला खुद्द वडील, त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढचं. सतार शिकणं म्हणजे काय, हे जवळून पाहिलं तरच कळतं. उजव्या तर्जनीत मिजराब, म्हणजे तार छेडायची नखी, रुतते. डाव्या हाताची बोटं तारेने चिरतात, मग तिथे घट्टे पडतात. एकाच पडद्यावर तार बाजूला खेचून पुढचे चार स्वर मींडेत, म्हणजे न तुटता सरकत, काढायचे, तर बोटाला जोर लागतो आणि कानाला त्याहून जास्त. तार केसभर कमी खेचली गेली तरी स्वर उतरतो. हे रक्तातून उतरत नाही. 1995 साली, तेराव्या वर्षी, दिल्लीत तिने पहिली जाहीर मैफल केली. पुढे वडिलांच्या शेजारी बसून ती जगभर वाजवत राहिली. शाळा संपल्यावर तिने कॉलेज धरलं नाही, मैफली धरल्या. पहिला अल्बम 1998चा. पण पूर्णपणे स्वतःच्या रचनांचा अल्बम यायला 2005 उजाडलं, त्याचं नाव ‘राइज’. तोवर ती मुख्यतः गुरूने दिलेलंच वाजवत होती, आणि त्या परंपरेत तेच रीतीचं होतं.

आता नोरा. तिच्या लहानपणातली बरीच वर्षं वडिलांशी गाठभेटच नव्हती. नातं पुन्हा जुळलं ते अठराव्या वर्षाच्या सुमारास. तोवर तिचं गाणं घडून गेलं होतं. चर्चच्या कॉयरमध्ये ती गायली. आईच्या संग्रहातल्या जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या रेकॉर्डी तिने पुन्हा पुन्हा ऐकल्या. डॅलसच्या कलाशाळेत आणि मग नॉर्थ टेक्सास विद्यापीठात जॅझ पियानो शिकली. सोळाव्या वर्षी तिने कागदोपत्री नाव बदलून नोरा जोन्स केलं. शाळेत असतानाच, 1996 साली, ‘डाउनबीट’ या जॅझ मासिकाच्या विद्यार्थी स्पर्धेत तिला गायनासाठी आणि स्वतःच्या रचनेसाठीही बक्षीस मिळालं. ही सगळी मिळकत तिची आणि तिच्या आईची. तिच्या आवाजात वडिलांची मींड शोधणारे लेख वाचले की मला त्या आईबद्दल वाईट वाटतं. मुलीला पियानोपाशी बसवणारी, रेकॉर्डी आणून देणारी बाई बाजूला राहते आणि श्रेय जातं गुणसूत्रांना.

सप्टेंबर 1966 मध्ये ‘बीटल्स’चा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन सतार शिकायला मुंबईत आला आणि पंडितजींनी त्याला शिकवलं. त्याआधी, 1962 साली, त्यांनी याच शहरात ‘किन्नरा’ हे संगीत विद्यालय काढलं होतं. परक्या देशातल्या गिटारवाल्याला जी तालीम मिळाली, ती त्यांच्या थोरल्या लेकीला मिळाली नाही.

नोराच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ती सिंगर-सॉंगरायटर आहे, म्हणून तिने गायलेलं सगळं तिचंच, असं लोक धरतात. आपल्या भावगीतात कामाची वाटणी स्पष्ट असते. गीतरामायण म्हटलं की शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिकडे एकाच माणसाने शब्द, चाल आणि गाणं तिन्ही करण्याची रीत आहे, पण दरवेळी तसं असतंच असं नाही. 2002 साली आलेल्या ‘कम अवे विथ मी’ या तिच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत तिचं स्वतःचं. मात्र ज्या ‘डोन्ट नो व्हाय’मुळे ती घराघरांत पोचली, ते गाणं जेसी हॅरिस या गीतकाराने लिहिलेलं. फेब्रुवारी 2003च्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात नोराला पाच पुरस्कार मिळाले, पण ‘सॉंग ऑफ द इयर’ हा गाणं लिहिणाऱ्याचा पुरस्कार हॅरिसला गेला. योग्यच होतं ते. त्याच वर्षी अनुष्काच्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीच्या अल्बमलाही वर्ल्ड म्युझिक विभागात नामांकन होतं. पुरस्कार मात्र मिळाला नाही. दोघींच्या नावांची सरमिसळ तिथूनच वाढली असावी.

गीतकार म्हणून नोरा पुरती उभी राहिली ती 2007च्या ‘नॉट टू लेट’मध्ये. त्यातलं प्रत्येक गाणं तिने एकटीने किंवा कुणाबरोबर मिळून लिहिलेलं आहे. पदार्पणाच्या अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्यावर त्याच साच्यात आणखी चार अल्बम काढणं सोपं होतं. तिने तसं केलं नाही. 2009 मध्ये पियानो मागे सारून गिटार पुढे आणली, 2012 मध्ये डेंजर माउस या निर्मात्याबरोबर काळोखी, कडवट गाणी केली, आणि 2016 मध्ये ती पुन्हा जॅझकडे आणि पियानोकडे वळली.

मुंबईकराला रक्त आणि तालीम एकत्र आलेली पाहायची असतील तर किशोरी आमोणकरांकडे पाहावं. आई मोगूबाई कुर्डीकर, जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या. मोगूबाई लेकीला शिकवायच्या तेव्हा बंदिशीचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, दोनदाच म्हणायच्या, तेवढ्यात उचलायचं. पण दोन्ही एकत्र आली म्हणजे पुढची वाट बांधलेली असते, असंही नाही. रविशंकर आणि त्यांच्या पहिल्या पत्नी अन्नपूर्णादेवी यांचा मुलगा शुभेंद्र मुंबईत आईकडे सतार शिकला. आईवडील दोघेही त्या वाद्याचे जाणकार, आजोबा म्हणजे रविशंकरांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ. वडिलांबरोबर तो जाहीर मैफलींत वाजवायचा. 1992 साली, पन्नाशीतच, तो गेला. रविशंकरांच्या मुलांची चर्चा निघते तेव्हा त्याचं नाव क्वचितच कुणी घेतं, याची मला फार रुखरुख वाटते.

दोघी बहिणींना एकत्र ऐकायचं असेल तर अनुष्काचा 2013चा ‘ट्रेसेस ऑफ यू’ घ्या. निर्मिती नितीन सॉनी या संगीतकाराची. 11 डिसेंबर 2012 रोजी पंडितजी गेले, आणि हा अल्बम त्याच सुमाराला आकाराला आला. त्यातल्या तीन गाण्यांत नोराचा आवाज आहे. ती तिथे हिंदुस्थानी गायकी उतरवायला जात नाही. ठोक्याच्या किंचित मागे राहून, शब्द सैल सोडत, नेहमीसारखीच गाते, आणि अनुष्काही सतारीला पियानोची नक्कल करायला लावत नाही. हेडफोन लावून ऐका. आधी फक्त आवाजाकडे लक्ष द्या, मग तेच गाणं फक्त सतारीसाठी पुन्हा लावा. नोराची स्वतःची लेखणी ऐकायची असेल तर ‘नॉट टू लेट’पासून सुरुवात करा. अनुष्काची ओळख ‘राइज’पासून करून घ्या, मग मागे जाऊन कार्नेगी हॉलची मैफल ऐका.